यादी गावात, माणूस फडात

बीड जिल्ह्यात पाटोदा, शिरूर, धारूर या डोंगराळ पट्ट्यात वर्ष मोजतात ते उसावर. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या मुकादमाच्या गाड्यांत बिऱ्हाडं चढतात. कोयते, पत्र्याची पेटी, ज्वारीचं पोतं, पाय बांधलेल्या कोंबड्या, कोपीसाठी बांबू आणि ताडपत्री. मार्च-एप्रिलात कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की माणसं परत येतात. मधले पाच-सहा महिने गाव म्हाताऱ्यांचं आणि पोरांचं.

मी त्या पोरांतली. माय-बाप वाळवा, कराड नाहीतर निपाणीकडं, आणि मी आजीच्या पाठीला पाठ लावून निजलेली. आजीच्या गोष्टींत राजा-राणी फारसे नसत. पटवारी असायचा, गिरदावर असायचा, रेशन दुकानदार असायचा, आणि यांच्या हातात कसला तरी कागद असायचा. नाव त्या कागदावर असलं तर गोष्टीचा शेवट गोड, नसलं तर आजी मध्येच थांबून म्हणायची, "झोप आता."

सगळ्यात जुनी गोष्ट लेव्हीची. आमचा भाग तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तिकडं मुंबई इलाख्यात १९३७ साली निवडणुका होऊन बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ आलं. मत तिथंही सगळ्यांना नव्हतंच. जमीनवाला, कर भरणारा, शिकलेला, अशांनाच. आमच्याकडं तेवढंही नाही. सरकारशी गाठ पडायची ती लढाईच्या काळात धान्याची लेव्ही वसूल करायला माणूस दारात उभा राहिला की. आजीच्या बापानं ज्वारी पेवात लपवली आणि पेवाच्या तोंडावर शेळ्या बांधल्या. त्याच्या नावावर किती जमीन आणि किती पिकलं हे लिहिलेलं होतं, घरात खाणारी तोंडं किती याला मात्र कुठं रकाना नव्हता. शेळ्यांनी घर वाचवलं, असं आजी सांगायची.

सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस ॲक्शन झाली, संस्थान गेलं. पुढच्या तीन-चार वर्षांत आमच्या गावात पहिल्यांदाच कोणीतरी काही न्यायला नाही, तर नुसतं नाव लिहायला आलं.

मतदार यादी करायला आले ते शेजारगावच्या शाळेचे गुरुजी. आजी तेव्हा विशी उलटलेली, दोन लेकरांची आई. मतासाठी वय एकवीस लागायचं. दाखला कुणाकडंच नव्हता, त्यामुळं मोठ्या दुष्काळाच्या आधीची का नंतरची, यावरून वय ठरायचं. गुरुजींनी ओसरीवर बसून विचारलं, घरात बाया कोण कोण? आजीचे सासरे म्हणाले, "ल्हिवा, माहा थोरल्याची बायकू." गुरुजी म्हणाले, नाव सांगा. सासरा सुनेचं नाव घेईना, आजी सासऱ्यासमोर तोंड उघडीना, नवरा रानात. शेवटी गुरुजींनी वही मिटली आणि चुलीकडं तोंड करून मोठ्यानं म्हणाले, नाव कळल्याशिवाय मी उठत नाही. मग आजीच्या धाकट्या नणंदेनं ते सांगितलं, आणि लाजून पळाली.

हा किस्सा आम्ही हसून ऐकायचो. पुढं कॉलेजात असताना वाचलं की देशाच्या त्या पहिल्या यादीतून सुमारे अठ्ठावीस लाख बाया वगळाव्या लागल्या, कारण त्यांनी अमक्याची आई, तमक्याची बायको एवढंच सांगितलं. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांचा दंडक होता की स्वतःचं नाव न सांगणारीचं नाव यादीत राहणार नाही. बहुतेक बाया बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य भारत या भागांतल्या. दंडक कठोर होता आणि माझ्या मते बरोबरही होता, पण त्याची किंमत मोजली ती त्या बायांनी, नाव घेऊ न देणाऱ्यांनी नाही. आजीचं नाव वाचलं ते गुरुजी हट्टी निघाले म्हणून. ते घाईत असते, पुढच्या वाडीला जायचं असतं, तर १९५२ ला आजी मतदार नव्हती.

मतदानाचं वर्णन ती फार चवीनं करायची. शाळेत पडदा लावलेला, पडद्याआड लोखंडी पेट्या. उमेदवारागणिक वेगळी पेटी, तिच्यावर चित्र. शिक्का मारायचा नव्हता. मिळालेली चिठ्ठी हव्या त्या पेटीत टाकली की झालं. आजीनं बैलजोडीच्या पेटीत टाकली. का? तर "घरी एकच बैल व्हता." आधी पेटीला हात लावून पाया पडली. तिच्यापुढच्या बाईनं तर पेटीवर हळद वाहिली म्हणे. आत बसलेल्या साहेबानं ती पुसली आणि बाई दिवसभर त्याच्या नावानं बोटं मोडत होती.

आबांची, म्हणजे आजोबांची गोष्ट १९६७ ची. त्या साली बीडनं क्रांतिसिंह नाना पाटलांना लोकसभेवर पाठवलं, कम्युनिस्ट पक्षाकडून. साताऱ्याचं प्रतिसरकार चालवलेला माणूस आमच्या कोरडवाहू जिल्ह्यात येऊन उभा राहिला आणि निवडूनही आला. आबा म्हणत, तो बोलायला लागला की बाजारातल्या तराजूची पारडी हलायची थांबायची. नाना पाटलांचं गाव येडेमच्छिंद्र, वाळवा तालुक्यात. तिकडून आमच्याकडं खासदार आला, आणि पाच-सहा वर्षांत आमच्याकडून तिकडं कोयते जायला लागले. माझा बाप पहिल्या हंगामाला गेला तो त्याच वाळव्यात. आबा ही गोष्ट सांगताना इथं यायचे, विडी पेटवायचे आणि गप्प बसायचे.

मध्ये आला १९७२ चा दुष्काळ. त्याबद्दल लिहिणारे मिलोच्या लाल भाकरीबद्दल लिहितात, सुकडीबद्दल लिहितात. आजीला आठवायचा तो हजेरीपट. खडी फोडायच्या कामावर ती स्वतः जायची, आणि मुकादम सकाळी पुकारा करायचा तेव्हा तिचं नाव घ्यायचा. शनिवारी पगार, तिच्या अंगठ्यावर, तिच्या हातात. ओसरीवर जे नाव काढायला अर्धी सकाळ गेली होती ते आता उघड्या माळावर रोज घेतलं जात होतं, आणि सासरा तिथंच चार हातांवर खडी फोडत बसलेला असायचा. मे १९७३ च्या सुमारास महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसं होती. त्यातल्या बायांची संख्या मोठी होती, हे कामांवरचे जुने फोटो बघितले तरी कळतं.

अशा कामाची हमी देण्याची कल्पना वि. स. पागे यांची, ते विधान परिषदेचे सभापती. त्यांनी १९६५ पासून तासगाव तालुक्यात ती करून बघितली होती. दुष्काळ संपल्यावर तिचा कायदा झाला. १९७७ चा रोजगार हमी कायदा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. मागेल त्याला काम, पंधरा दिवसांत काम नाही दिलं तर भत्ता. पैसा शहरातल्या नोकरदारांच्या व्यवसाय करातून. आजही पगारपत्रकावर दोनशे रुपये कापलेले बघून माझे सहकारी कुरकुरतात तेव्हा मला आजीचा शनिवार आठवतो आणि मी गप्प राहते. सगळ्याच वादांत पडायचं नसतं.

मग हमी होती, तरी लोक ऊस तोडायला का गेले? उचलीसाठी. लग्न, दवाखाना, सावकार हे पंधरा दिवस थांबत नाहीत. मुकादम ओसरीवर येऊन आगाऊ रक्कम मोजून देतो, रोजगार हमीची मजुरी पुढं कधीतरी मिळते. पण या सौद्यात बायांचं एक गेलं. फडावर एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून. उचल घेताना सही किंवा अंगठा नवऱ्याचा, हिशेब नवऱ्याचा. पहाटे थंडीत पाचट सोलणारी, मोळ्या बांधून डोक्यावर गाडीपर्यंत वाहणारी माझी माय मुकादमाच्या वहीत कुठंच नव्हती. तिचं नाव दोनच ठिकाणी होतं, रेशन कार्डावर आणि मतदार यादीत, आणि दोन्ही राहिली होती गावात.

त्यातलं कार्ड तर घरातही नसायचं. हंगामाला जाताना दुकानदाराकडं ठेवायचं, त्यावर दोनशे-तीनशे रुपये उसने घ्यायचे. सहा महिन्यांचं धान्य त्या कार्डावर उचललं जायचं. कुणी खाल्लं, हे गावात सगळ्यांना ठाऊक असायचं आणि कुणी विचारायचं नाही. तिकडं फडावर माय बाजारभावानं पीठ घ्यायची. म्हणजे आमच्या वाटणीचं सरकारी धान्य रीतसर निघत होतं, फक्त आमच्या पोटात जात नव्हतं.

१ मे १९९९ पासून तीन रंगांची कार्डं आली. वर्षाला पंधरा हजारांच्या आत उत्पन्न असेल तर पिवळं, लाखापर्यंत केशरी, त्यावर पांढरं. माझ्या थोरल्या चुलत्याला केशरी मिळालं. घराला कुलूप होतं, शेजारच्या म्हाताऱ्यानं मोठेपणा म्हणून "बरं चाललंय त्यांचं, दोघंबी कमावत्यात" असं सांगून टाकलं. ते रंग बदलून घ्यायला चुलत्यानं किती उन्हाळे तालुक्याला चपला झिजवल्या ते सांगत नाही. उन्हाळाच, कारण इतर वेळी तो गावातच नसायचा. घरकुलाची तीच कथा. यादी ग्रामसभेत वाचतात. सभेचा ठरलेला एक दिवस २६ जानेवारी. त्या दिवशी आमची निम्मी वस्ती दुसऱ्याच कुठल्या गावच्या झेंड्यासमोरून मोळ्या घेऊन जात असते.

आता निवडणुकांचं पंचांग बघा. १९७८, १९९० या विधानसभा फेब्रुवारीत झाल्या, १९९५ ची फेब्रुवारी-मार्चमध्ये, १९८५ ची मार्चच्या सुरुवातीला. ऐन हंगामात. १९९९ ला विधानसभा मुदतीआधी, सप्टेंबरात झाली, आणि मग २००४, २००९, २०१४, २०१९ अशी ओळीनं ऑक्टोबरात आली. आमच्या लोकांना वीस वर्षं घरच्या घरी मत टाकता आलं, ते कुणी त्यांचा विचार केला म्हणून नाही. विधानसभेची मुदतच तशी संपत होती. २०२४ ला तारीख सरकून २० नोव्हेंबरवर गेली. गाळप सुरू करायचं ठरलं होतं १५ नोव्हेंबरला. जिल्हा परिषदेचं तर विचारूच नका, २०१२ ला फेब्रुवारी, २०१७ ला फेब्रुवारी. शाळा, दवाखाना, गोठा, विहीर ज्या दाराशी मिळतात त्या दाराचीच निवडणूक आमच्या माघारी.

१९९० ची मला चांगली आठवते. मी तेव्हा तेरा-चौदा वर्षांची. मतदानाच्या आदल्या रात्री उशिरा गावात एक टेम्पो आला. कुत्री भुंकली, कंदील हलले, आणि माझी माय दारात उभी. पट्ट्याला अजून महिना-दीड महिना होता. अंगाला उसाचा वास, हाताला चिरा, पदरात बांधलेला गुळाचा खडा. ती मला जवळ घेऊन झोपली पण नाही, आधी माझे केस बघितले, उवा काढत बसली. सकाळी न्हाऊन रांगेत. बोटाला शाई लागली, आणि दुपारच्या आत टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवायला सुरुवात केली. मी तिच्या बोटाची शाई बघत होते आणि मनात म्हणत होते, दर महिन्याला मतदान असावं. गाडी कुणी पाठवली, डिझेल कुणाचं, मत कुणाला, हे घरात कुणी बोललं नाही. आजीला मात्र राहवलं नाही. "पेटीपाशी आपल्या पायानं गेल्ते म्या," एवढं म्हणाली आणि भाकरी थापायला बसली.

लोकप्रतिनिधित्वाचा १९५१ चा कायदा मी फार पुढं वाचला. त्याच्या कलम १२३ च्या पाचव्या पोटकलमात मतदाराला केंद्रावर फुकट नेण्या-आणण्यासाठी उमेदवारानं वाहन भाड्यानं घेणं हे भ्रष्ट आचरण ठरवलंय. निवडून आलेल्याची निवड त्यावर रद्द होऊ शकते. कलम योग्यच आहे, गाडी ज्याची त्याचं मत, हे कुणाला कळत नाही? पण सरकार स्वतः गाडी पाठवत नाही, एसटीच्या तिकिटाला पैसे नाहीत, मुकादम सुट्टी देत नाही. चारशे किलोमीटरवरच्या बाईला मतापर्यंत जायचा एकच रस्ता उरतो, आणि कायद्यानं तोच बंद म्हणून लिहिलेला.

याच कायद्यात १९९६ साली आणखी एक कलम घातलं गेलं, १३५ ख. मतदानाच्या दिवशी कामगाराला पगारी सुट्टी, रोजंदारीवाल्यालासुद्धा. माझ्या भावानं २०२४ ला ते मोबाइलवर वाचून दाखवलं तेव्हा मुकादम हसला म्हणे. पैसे टनाला मिळतात. टनाला सुट्टी कशी द्यायची?

मग फडाजवळच नाव नोंदवावं? लोकप्रतिनिधित्वाचा १९५० चा कायदा म्हणतो, जिथं तुम्ही सर्वसाधारणपणे राहता तिथं नाव. कोपी पंधरा दिवसांनी दुसऱ्या रानात जाते. शिवाय गावातलं नाव काढून घेतलं की घरकुल, सोसायटी, भावकीतला शब्द, सगळ्यावर पाणी. तेव्हा नाव गावातच ठेवायचं, आणि ते जपणं हेच मोठं काम. यादीची दरवर्षीची मुख्य दुरुस्ती १ जानेवारीवर धरलेली. प्रारूप यादी लागते, हरकती घेतात, ते दिवस साधारण नोव्हेंबर-डिसेंबरचे. नाव गाळायला सात नंबरचा फॉर्म असतो, कारणांत स्थलांतर हेही एक. कायद्याच्याच भाषेत तात्पुरतं बाहेर गेल्यानं रहिवास तुटत नाही. पण बंद दारावर ते कलम चिकटवलेलं नसतं. आमच्या वस्तीतली चार-पाच घरं अशी एकदा यादीतून गेली. विरोधी पॅनेलच्या पोराला कुलपांचा हिशेब चांगला ठाऊक होता.

रेशन मात्र सुधारलं, हे कबूल करायला हवं. दुकानात मशीन आलं, आधार जोडलं गेलं, आणि राज्यात कुठल्याही दुकानात अंगठ्यावर धान्य मिळायला लागलं. ऑगस्ट २०१९ मध्ये महाराष्ट्र-गुजरात अशी राज्याबाहेरची सोय सुरू झाली, मग देशभर. आता निपाणीकडं गेलेलं जोडपं आपल्या वाटणीचं धान्य तिकडं उचलतं आणि घरची म्हातारी तिचं गावात. दुकानदाराकडं कार्ड गहाण ठेवण्यात अर्थ उरला नाही. अडचण अंगठ्याची आहे. कोयत्यानं आणि उसाच्या पात्यानं हाताच्या रेषा झिजतात, मशीन तीन-तीनदा "पुन्हा प्रयत्न करा" म्हणतं. माझी वहिनी आदल्या रात्री बोटांना खोबरेल लावून झोपते.

धान्याला जे जमलं ते मताला का जमू नये? प्रयत्न झाला. निवडणूक आयोगानं डिसेंबर २०२२ च्या अखेरीस एका यंत्राचा नमुना जाहीर केला, एकाच यंत्रावर बहात्तर मतदारसंघांचं मतदान घेता येईल असा. १६ जानेवारी २०२३ ला पक्षांना बोलावून दाखवायचं ठरलं. पक्षांच्या शंका खोट्या नव्हत्या. परक्या गावात बूथवर आपला माणूस कोण बसवणार, स्थलांतरित म्हणजे नेमका कोण, त्याची यादी कुठं? तिथंच ते अडकलं. पण दूरवरून मत घेणं या देशाला नवीन नाही. जवानाला टपाली मत आहे, निवडणुकीच्या कामावरच्या गुरुजींना आहे, काश्मीर खोऱ्यातून बाहेर पडावं लागलेल्यांसाठी जम्मूत, दिल्लीत खास केंद्रं असतात. ऊसतोडीला कोण, कुठल्या कारखान्याला, कुठल्या टोळीत गेलं, हे मुकादमाच्या वहीत आणि कारखान्याच्या करारात पैशापैशानं लिहिलेलं असतं. उचल बुडवून पळालेला माणूस महाराष्ट्राच्या कुठल्याही कोपऱ्यातून शोधून काढतात. मत द्यायला तोच माणूस सापडत नाही, यावर माझा विश्वास बसत नाही.

माय आता थकली, गावातच असते. तिची पक्की समजूत आहे की मत नाही टाकलं तर रेशन बंद होतं. मी पुष्कळदा समजावलं की या दोन याद्या वेगळ्या, एकीचा दुसरीशी संबंध नाही. तिनं ऐकून घेतलं. मग २०२४ च्या जूनअखेर लाडकी बहीण योजनेचे दीड हजार जाहीर झाले, आणि अधिवासाचा दाखला नसेल तर मतदार कार्ड चालेल असं निघालं. वहिनीनं कार्ड शोधायला सगळी पेटी उपसली. माय माझ्याकडं बघून म्हणाली, "आन् तू म्हन्तीस संबंध न्हाई."

त्या नोव्हेंबरात वहिनी कराडच्या बाजूला होती. बँकेत पैसे आले होते, धान्य तिकडच्या दुकानातून उचललं होतं. २० तारखेला मी फोन केला, गाडी आली का म्हणून. मागून ट्रॅक्टरचा आवाज येत होता. म्हणाली, "न्हाई वो ताई. आमदारकीला कोन पाठवतंय, हजारानं मतं असत्यात तिथं. झेडपीला यील. पंचायतीला तर हमखास. धा-वीस मतांवर शीट पडतंय, तवा घराच्या दारापासनं नेत्यात."